आराखडा पक्का होण्याआधी एकदा भट्टीपाशी या

वास्तुविशारद आणि डिझायनर मित्रांनो, आणि डिझाइन शिकवणाऱ्या शिक्षकांनो,

सप्रेम नमस्कार.

मी लोहारकाम करतो. ऐरणीवर उभा राहतो आणि संगणकावर आराखडेही काढतो, त्यामुळे तुमचं ड्रॉइंग उघडलं की त्यातली रेघ मला दोन्हीकडून वाचता येते. गेली बरीच वर्षं त्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक ओळ हमखास असते : ‘पारंपरिक हातघडणीचा लूक द्यावा.’ ही ओळ लिहिणाऱ्याला लोहारकामाबद्दल आस्था असते, हे मी जाणतो. ती नसती तर तयार जाळी विकत घेऊन काम भागलं असतं. पण त्या एका ओळीमुळे आमच्या कामशाळेत प्रत्यक्ष काय घडतं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. ते सांगायला हे पत्र लिहितो आहे.

घडतं ते असं. फाटकाचा सांगाडा पोकळ नळ्यांचा असतो, जोड सगळे वेल्डिंगचे. आम्ही नळ्या कापतो, जोडतो, ग्राइंडर मारून जोड दिसेनासे करतो. सगळं उभं राहिल्यावर ‘लूक’ आणायचा म्हणून थंड लोखंडावर हातोड्याने खड्डे पाडतो. रोलरमधून असे खड्डे उमटवून काढलेल्या सळयाही विकत मिळतात. नीट पाहिलंत तर ठरावीक अंतरावर तोच खड्डा पुन्हा भेटतो. एका फाटकावर मी असे खड्डे पाडण्यात दोन दिवस घालवले. गिऱ्हाईक खूश होतं, डिझायनर खूश होता. मला मात्र रात्री झोप लागली नाही. कारण शेवटच्या तावात (एकदा तापवून ठोकण्याची फेरी म्हणजे ताव), लोखंडाचा लाल रंग विझत आला की हलक्या हाताने सळई फिरवत फिरवत सगळ्या खुणा बुजवायच्या, हे वडिलांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. खूण उरली की ते एवढंच म्हणायचे, “मार चुकला.” आणि तेच चुकलेले मार मी दोन दिवस मोजून मारत होतो.

माझं म्हणणं एकच आहे. लोहारकामातली परंपरा पृष्ठभागावर शोधू नका. तापलेलं लोखंड कसं सरकतं आणि एक तुकडा दुसऱ्याला कसा धरून ठेवतो, तिथे ती आहे. आजचं डिझाइन तिथून सुरू झालं तर त्याला जुन्या वेलबुट्टीची गरज उरत नाही. पण हे पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी आराखडा पक्का होण्याआधी भट्टीपाशी यावं लागतं.

सरकण्याचं आधी सांगतो. सुतार लाकूड काढून टाकत वस्तूपर्यंत पोहोचतो, दगडाचंही तसंच. लोहार जवळजवळ काहीच काढत नाही, आहे तोच माल इकडचा तिकडे नेतो. 20 मिलिमीटर चौरस सळई ठोकून 10 मिलिमीटर चौरस केली की ती चौपट लांब होते. त्याच सळईला 30 सेंटिमीटरचं अणकुचीदार टोक काढायचं असेल तर सळईचे फक्त 10 सेंटिमीटर खर्ची पडतात. शाळेत शिकलेलं पिरॅमिडचं सूत्र इथे रोज वापरलं जातं. म्हणजे निमुळतं होत जाणं लोखंडाला मानवतं, त्यात मालही कमी लागतो. उलट बाजू पाहा. 16 मिलिमीटरच्या चौरस सळईच्या टोकाला 32 मिलिमीटरचा ठोकळा हवा, असं ड्रॉइंगमध्ये असतं. तुमच्याकडे ते एका क्लिकचं काम. आमच्याकडे सळईचे 128 मिलिमीटर उभे ठोकून त्या ठोकळ्यात दाबून बसवायचे असतात. दर दोन-चार घावांनी सळई वाकते, सरळ करायची, पुन्हा ताव द्यायचा. करता येतं, आणि केलेलं सुंदरही दिसतं. पण ते सुंदर का दिसतं हे तुम्हाला माहीत असेल, तर तुम्ही तो ठोकळा ऐंशी सळयांच्या टोकांना देणार नाही; एका ठिकाणी द्याल, जिथे नजर थांबायला हवी तिथे.

वेळेचंही तसंच. 700 अंश सेल्सिअसच्या आसपास लोखंड काळपट लाल दिसतं, हजाराजवळ नारिंगी, त्याच्या वर पिवळं. चांगलं ठोकायचं ते नारिंगी ते पिवळ्या रंगात. 16 मिलिमीटरची सळई भट्टीतून काढली की तो रंग मिनिटभरही टिकत नाही. तेवढ्यात काय करायचं ते हाताला आधीच ठाऊक असावं लागतं. आणि तापलेलं लोखंड फुगलेलं असतं : एक मीटरची सळई पूर्ण लालबुंद असताना सेंटिमीटरभर जास्तच लांब भरते. म्हणून ड्रॉइंगमध्ये मिलिमीटरच्या दशांशात मापं दिलीत की मी आधी विचारतो, हे माप कशासाठी हवंय? बिजागरीसाठी हवं असेल तर तिथे मिळेल, थंड करून, कानस लावून. वेलीच्या वळणात हवं असेल तर त्या मापाने वळण मरतं.

आता जोड. माझा जीव इथे आहे.

सळईत भोक पाडायच्या दोन तऱ्हा आहेत. एक ड्रिलची. 20 मिलिमीटरच्या सळईत 16 मिलिमीटरचं भोक ड्रिल केलंत तर दोन्ही बाजूंना 2-2 मिलिमीटरच्या भिंती उरतात, म्हणजे सळई नेमकी तिथेच दुबळी झाली. दुसरी तऱ्हा तापवून. आधी छिन्नीने सळईच्या लांबीच्या दिशेने दोन-अडीच सेंटिमीटरची चीर पाडायची, पुन्हा ताव द्यायचा, मग त्या चिरेत निमुळता सुंबा, म्हणजे भोक पाडायची पोलादी खुंटी, ठोकत ती फाकवायची. माल कुठेच जात नाही. तो दोन्हीकडे सरकतो आणि सळई त्या जागी बेडूक गिळलेल्या सापासारखी फुगते. तो फुगवटा म्हणजे भोकासाठी बाजूला झालेलं लोखंड. जोराची जागा आणि डोळ्याला दिसणारा आकार तिथे एकच होतात.

काही वर्षांपूर्वी एका तरुण डिझायनरने जिन्याच्या कठड्याचं काम पाठवलं. पहिल्या ड्रॉइंगमध्ये वर सपाट पट्टी, खाली नळ्या, मध्ये प्रत्येक दोन नळ्यांत एक वेटोळं, आणि कोपऱ्यात तीच ओळ. मी फोन करून म्हटलं, एक दिवस येऊन जा. ती दोन दिवस राहिली. पहिल्या दिवशी ती नुसती बघत होती. दुपारी मी एका सळईत सुंबा घालून भोक फाकवलं आणि गरम सळई बाजूला ठेवली. रंग विझून काळा होईपर्यंत ती त्या फुगवट्याकडे बघत राहिली. मग विचारलं, “हा फुगवटा तुम्ही नंतर घासून टाकता का?” मी म्हटलं, नाही. तिने त्याच दुपारी ड्रॉइंगमधली सगळी वेटोळी काढून टाकली.

जो कठडा झाला त्यात आडवी एक जाड सळई आणि तिच्यातून आरपार जाणाऱ्या उभ्या सळया, एवढंच होतं. प्रत्येक उभी सळई जिथून पार जाते तिथे आडवीला फुगवटा; खालचं टोक बारीक करून पट्टीतल्या भोकातून काढलेलं आणि पलीकडून गरम असताना ठोकून फुलवलेलं. वेल्डिंग नाही, नक्षी नाही. उजेड तिरपा पडला की फुगवट्यांची ओळ दिसते.

संगणकाचा भाग आता सांगतो, कारण त्याच्याशिवाय ते काम माझ्या हातून इतकं नेटकं झालं नसतं. चीर फाकवली की सळई लांबीला थोडी आखडते. एका भोकाला ते कळत नाही, पण बारा भोकं ओळीने पाडली की शेवटचं भोक जागा सोडून बसतं. म्हणून आम्ही आधी एका तुकड्यावर तीन भोकं पाडली, थंड झाल्यावर मोजली, आणि त्या डिझायनरने ते आखडणं धरून सगळी अंतरं संगणकावर नव्याने बसवली. मग पत्र्यावर लेझरने खुणा कापून घेतल्या. पूर्वी वडील जमिनीवर खडूने पूर्ण मापाची आकृती काढायचे आणि गरम सळई तिच्यावर धरून पाहायचे. दोन-तीनदा सळई टेकली की रेघ पुसली जायची. पत्र्यावरची लेझरची रेघ पुसली जात नाही. पद्धत तीच, रेघ तेवढी टिकाऊ झाली. जुनं आणि नवं एकत्र येणं म्हणजे काय, याचं माझ्याकडचं उदाहरण हे आहे.

तुमच्या-आमच्या आधी हे अनेकांनी केलेलं आहे. पॅरिसचा एडगर ब्रांट (1880–1960) घ्या. 1925च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचं लोखंडी काम गाजलं ते नव्या शैलीमुळे, आणि तो यांत्रिक घण आणि गॅस वेल्डिंग बेधडक वापरत होता. फिलाडेल्फियाचा सॅम्युएल येलिन (1884–1940) मध्ययुगीन कामावर जीव टाकणारा माणूस. मोठं काम घेण्याआधी तो आणि त्याचे कारागीर लोखंडातच नमुने घडवून पाहायचे. पेन्सिलीच्या रेखाटनाची जागा तो नमुना घ्यायचा. बर्लिनच्या फ्रिट्झ क्यूनने नगर ग्रंथालयाच्या दारासाठी ‘ए’ हे एकच अक्षर 117 तऱ्हांनी केलं. त्यात जुन्या वेलबुट्टीचा मागमूस नाही. अल्बर्ट पेली तर सोनारकामातून लोखंडाकडे आला आणि 1974मध्ये वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीसाठी त्याने केलेल्या दारांत पोलादासोबत पितळ, तांबं, कांसं गुंफलं.

पण वास्तुविशारदांना मी नेहमी सांगतो ती गोष्ट एदुआर्दो चियिदाची. माद्रिदमध्ये स्थापत्य शिकता शिकता त्याने ते सोडलं, शिल्पकलेकडे वळला. 1951मध्ये बास्क प्रदेशातल्या एर्नानी गावी तो मानुएल इयारामेंदी नावाच्या लोहाराकडे गेला आणि त्याच्या भट्टीवर लोखंड शिकला. त्याची पहिली लोखंडी शिल्पं तिथली. पुढे जगाने पाहिलेल्या त्याच्या मोठ्या पोलादी आकारांत सळई वाकते तेव्हा ती वाकताना किती जड होती हे जाणवतं. आमच्याकडचा एक दिवस माणसाला चियिदा करतो असा माझा दावा नाही. त्याचं सगळं सुरू कुठे झालं, तेवढं पाहा.

आमच्या बाजूने काय चुकतं तेही लिहायला हवं. आमच्यातले कित्येक जण एकच वेटोळं वर्षानुवर्षं वाकवतात आणि त्याला परंपरा म्हणतात. जुना लोहार असा नव्हता. त्याच्या काळी तोही नवंच करत होता. शिवाय त्याचा मालही वेगळा होता. त्याच्या लोखंडात गाळाचे, म्हणजे धातूच्या मळीचे, बारीक तंतू असायचे, लाकडाच्या रेषांसारखे, आणि ते तापवून ठोकलं की सहज सांधायचं. दिल्लीचा सुमारे सोळाशे वर्षांचा लोहस्तंभही असे लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकमेकांत सांधून उभा केलेला आहे. 1856नंतर बेसेमर या इंग्रज संशोधकाच्या पद्धतीने पोलाद स्वस्त झालं आणि हळूहळू ते जुनं लोखंड बाजारातून गेलं. आजची सळई एकजिनसी आहे, ताकदवान आहे, पण तशी चटकन सांधत नाही आणि तेवढा गंज सोसत नाही. माल बदलला असताना जुना आकार जसाच्या तसा गिरवणं ही परंपरेशी निष्ठा होत नाही. हे मी माझ्या जातभाईंनाही सांगतो आणि त्यांचा रोष पत्करतो.

गंजाचा विषय निघालाच आहे तर एक फसलेलं काम सांगतो, कारण तिथे चूक दोघांची होती. बागेच्या फाटकात मी दोन-दोन सळया तापलेल्या पट्टीने आवळून बांधल्या होत्या. हा जुना आणि फार देखणा बंध. पट्टी लालबुंद असताना गुंडाळायची, हातोड्याने कोपरे बसवायचे; निवताना ती आखडते आणि आपोआप घट्ट होते. फाटक उघड्यावर राहणार म्हणून डिझायनरने ड्रॉइंगवर लिहिलं होतं, गॅल्व्हनाइझ करावं. मी काही बोललो नाही. त्याला बंधाची रीत माहीत नव्हती आणि मला गॅल्व्हनाइझिंगची पुरेशी नव्हती. त्या प्रक्रियेत लोखंड आधी आम्लात धुतात, मग सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. पट्टी आणि सळईच्या मधल्या केसाएवढ्या फटीत आम्ल शिरलं, पण दाट जस्त शिरलं नाही. पहिल्याच पावसात प्रत्येक बंधाखाली तपकिरी ओघळ आले, पांढऱ्या-करड्या जस्तावर रडल्यासारखे. ते फाटक मी स्वखर्चाने उतरवलं, सगळे बंध कापले.

आता मी तसं काम आलं की सुरुवातीलाच विचारतो, हे कुठे उभं राहणार? घरात असेल तर बंध, रिवेट (टोक ठोकून फुलवलेला खिळा), सगळं मोकळेपणाने करू. शेवटी कोमट लोखंडावर मेण किंवा जवसाचं तेल चोळलं की पुरे. उघड्यावर असेल तर तुकडे सुटे जस्तात बुडवून मग थंड रिवेटने जोडू, किंवा घडवून झाल्यावर जस्ताची फवारणी करू, नाहीतर एकमेकांवर चढणारे पृष्ठभागच टाळू. नळ्या असतील तर प्रत्येक नळीला हवा निघायला भोक हवंच, बंद नळी जस्तात बुडवली तर फुटते. यातली प्रत्येक निवड आकार बदलते. म्हणून ती शेवटी, ‘फिनिश’च्या रकान्यात उरकायची गोष्ट नाही.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. आम्हाला बोलावलं जातं ते सगळं ठरल्यावर. ड्रॉइंग मंजूर झालेलं असतं, मापं गोठलेली असतात, भिंतीत बसवायच्या पट्ट्या कधीकधी बसवूनही झालेल्या असतात. मग तीन जणांकडून दर मागवतात आणि उरलेल्या थोड्या आठवड्यांत काम मागतात. अशा वेळी जो लोहार काही विचारत नाही तोच सोयीचा ठरतो. माझी विनंती आहे, पहिल्या कच्च्या रेखाटनाच्या वेळी आम्हाला बोलवा आणि कामाच्या हिशेबात नमुन्याची वेगळी ओळ ठेवा. हातभर लांबीचा, खऱ्या मापाचा, एक जोड असलेला नमुना. तो बिघडला तरी त्याचे पैसे द्या. नमुना बिघडण्यासाठीच असतो. त्या हातभर तुकड्यातून तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही त्रिमित चित्रातून कळणार नाही, आणि मलाही तुमच्या मनातली रेघ त्यातूनच कळेल.

यंत्रांबद्दल मनात किंतु ठेवू नका. यांत्रिक घण वापरला तर ‘हातघडण’ राहते का, असं मला विचारतात. जेम्स नॅस्मिथ या अभियंत्याने वाफेच्या घणाचं पेटंट 1842मध्ये घेतलं. ही चर्चा तेव्हापासूनची असावी. माझ्या लेखी उत्तर सोपं आहे. घण कुणी उचलला यापेक्षा पुढचा घाव कुठे पडायचा हे कोण ठरवतंय ते बघा. लेझरने पानाचा आकार कापून घ्या, मला चालतं. पण मग त्याची कड तापवून पातळ करायला आणि शीर उठवायला मला वेळ द्या, नाहीतर ते कापलेला पत्राच राहतं.

शिक्षकांना वेगळं सांगायचं आहे. तुमचे विद्यार्थी आमच्याकडे येतात, तासभर फोटो काढतात आणि जातात. त्यांना आठवडाभर पाठवा. पहिल्या दिवशी प्रत्येकाने एक सळई घेऊन तिला टोक काढावं, एवढंच. टोक बहुधा एका बाजूला कलतं, मध्ये फाटतं, कारण ते लोखंड थंड झाल्यावरही ठोकत राहतात. चौथ्या-पाचव्या तावाला कुणीतरी स्वतःहून थांबतं, रंग बघतं आणि सळई परत भट्टीत घालतं. ते थांबणं शिकलेल्या मुलामुलींची ड्रॉइंगं मी नंतर पाहिली आहेत. त्यांच्या रेघेला सुरुवात आणि शेवट असतो, जाडी असते. मातीसाठी मडक्यांची कार्यशाळा असते, लाकडाची असते, तशी भट्टीही अभ्यासक्रमात असावी, ऐच्छिक भेट म्हणून नव्हे.

येताना सुती कपडे आणि बंद चामडी बूट घाला. कृत्रिम धाग्याचं कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. केस बांधा, अंगठ्या काढून ठेवा. डोळ्यांचे चष्मे आमच्याकडे आहेत. ड्रॉइंग आणणार असाल तर पेन्सिलीचं आणा, आणि सोबत खोडरबर.

आपला,
एक लोहार